टेलिग्राम बॉट चोवीस तास जागा ठेवायचा तर तो कुठे ठेवावा?

प्रश्न
आमच्या सोसायटीसाठी मी पायथनमध्ये एक छोटा बॉट, म्हणजे निरोपांना आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, लिहिला आहे. पाण्याचा टँकर किती वाजता येणार, हे तो सांगतो. तो एका मोफत सेवेवर ठेवला असून तिथे पंधरा मिनिटे शांतता राहिली की तो बंद पडतो. सकाळी मी सेवेचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला की रात्रभरात आलेल्या प्रश्नांची उत्तरे एकदम धडाधड जातात, आणि तोवर टँकर येऊन गेलेला असतो. घरी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक पडून आहे. तो वापरावा का?

प्रतिसाद १
आपला बॉट पोलिंगवर चालतो, म्हणजे निरोप आहेत का हे तो स्वतः टेलिग्रामला विचारत राहतो. झोपलेला बॉट विचारणार कसा? टेलिग्राम न पोचलेले निरोप २४ तासांपर्यंत राखून ठेवते, म्हणून उत्तरे अशी साचून येतात. वेबहुक लावल्यास, म्हणजे निरोप आला की टेलिग्रामनेच तो सेवेच्या पत्त्यावर पाठवावा अशी सोय केल्यास, निरोपच सेवेचे दार ठोठावतो आणि ती जागी होते, मात्र पहिले उत्तर थोडे उशिरा येते.

प्रतिसाद २
मी रास्पबेरी पायच सुचवेन. घरी पोलिंगच बरे, कारण जोडणी आतून बाहेर जाते आणि सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरून थेट पोचता येईल असा) लागत नाही. बॉट सिस्टिमडीची (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू करणारी आणि सांभाळणारी व्यवस्था) सेवा म्हणून चालवा; पण नुसते ‘रिस्टार्ट=ऑलवेज’ (बंद पडला की पुन्हा सुरू कर) लिहून भागत नाही. वीज आल्यावर राउटरच्या आधी पाय उठतो, नेट नसल्याने बॉट लागोपाठ कोसळतो आणि १० सेकंदांत पाच प्रयत्न झाले की सिस्टिमडी मूळ मांडणीनुसार नाद सोडते. दोन प्रयत्नांमध्ये १५ सेकंदांचे अंतर ठेवा. राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. माझ्याकडे पाय चालू आणि राउटर बंद, असा प्रकार बरेच दिवस चालला होता.

प्रतिसाद ३
पाय सुरू करण्यापूर्वी मोफत सेवेवरची बॉटची जुनी प्रत पूर्ण थांबवा. एकाच टोकनवर (बॉटची गुप्त किल्ली) दोन प्रती पोलिंग करू लागल्या की ४०९ ही त्रुटी येते. टोकन प्रोग्राममध्येच लिहिले असेल आणि तो प्रोग्राम कुठे सार्वजनिक झाला असेल, तर बॉटफादर या टेलिग्रामच्याच बॉटकडून नवे टोकन घ्या.

प्रश्नकर्ता
४०९ काल रात्रीच दिसली आणि मी ती पायच्या माथी मारली होती. जुनी प्रत आता काढून टाकली आहे. मुद्दाम मेन स्विच बंद करून पाहिला. वीज परत आल्यावर चौथ्या प्रयत्नात बॉट उभा राहिला.