खारं सरोवर म्हणजे जुना समुद्रच, असं नाही

कोरड्या प्रदेशातली खारी सरोवरं म्हणजे आटलेल्या समुद्राचे अवशेष, असं बऱ्याचदा म्हटलं जातं. कॅस्पियन समुद्राच्या बाबतीत ते खरं आहे, पण सगळीकडे नाही. अमेरिकेतलं ग्रेट सॉल्ट लेक हा हिमयुगातल्या बॉनव्हिल सरोवराचा उरलेला तुकडा, आणि ते सरोवर पूर्ण भरलेलं असताना गोडं होतं.

मुख्य गोष्ट म्हणजे पाण्याला बाहेर वाट नसणं. भूकवच खचून खोलगट भाग तयार होतो, नद्या तिथेच येऊन थांबतात, पाणी वाफ होऊन जातं आणि नद्यांनी खडकांतून आणलेले क्षार मागे राहतात. आफ्रिकेतलं चाड सरोवर मात्र बंदिस्त असूनही बरंचसं गोडं आहे, कारण त्याचं काही पाणी जमिनीत झिरपतं आणि क्षारही सोबत नेतं. मला हे उदाहरण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

अशा सरोवराची पातळी म्हणजे आवक आणि बाष्पीभवन यांचा हिशोब. ऑस्ट्रेलियातलं आयर सरोवर बहुतेक वर्षं मिठाचं मैदान असतं. 1974 मध्ये ते काठोकाठ भरलं होतं.

मध्य आशियातल्या अरल समुद्राचं, म्हणजे खरं तर अशाच एका खाऱ्या सरोवराचं, आटणं मात्र निव्वळ निसर्गावर ढकलू नये. 1960 नंतर त्याला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवलं गेलं. 2005 मध्ये उत्तर आणि दक्षिण भागांमधलं कोक-अरल धरण पूर्ण झाल्यावर उत्तरेकडच्या भागात पाणी चढलं, खारटपणा उतरला, मासेमारी परत सुरू झाली. दक्षिण भागाला ते नशीब लाभलं नाही, तिथल्या उघड्या तळावरून आजही खारी धूळ उडते.