'अस्थिशोषण' म्हणावं का? आणि पेशीला कॅल्शियम 'कळतं' की त्याची 'चाहूल लागते'?

लेख लिहितेय, दोन शब्दांवर अडकलेय. ऑस्टिओक्लास्टला, म्हणजे हाडाचा भाग काढून टाकणाऱ्या पेशीला, 'अस्थिभंजक' लिहिलं तर वाचणाऱ्याला फ्रॅक्चरच आठवतं. आणि रिसॉर्प्शनला, म्हणजे तिच्या या कामाला, 'अस्थिशोषण' लिहिलं तर ही पेशी हाडातलं कॅल्शियम पिऊन टाकते असं वाटतं, तसं होत नाही ना?

> नाही होत. ती हाडाला चिकटून कडेनं गोल सील करते, आत आम्ल सोडते, पीएच 4.5 च्या आसपास जातो आणि खनिज विरघळतं, मग कॅथेप्सिन के नावाचं एन्झाइम कोलॅजन हे हाडातलं प्रोटीन तोडतं, आणि निघालेला बराचसा माल पेशीतून जाऊन पलीकडच्या बाजूनं बाहेर पडतो. खाली खळगा राहतो. म्हणून 'शोषण' मला साफ चुकीचं वाटतं. 'विलयन'ही अर्धंच, त्यात कोलॅजन येत नाही. 'पोखरणे'ला रोगाचा वास आहे आणि हे काम तर निरोगी हाडातही रोज चालतं. मी 'हाड कोरणारी पेशी' लिहीन.

> 'कोरणारी' छान! आता सेन्सिंगचं, म्हणजे पेशीला कॅल्शियम जाणवण्याचं. 'कॅल्शियमची चाहूल' वाचायला गोड वाटतं, पण चाहूल येणाऱ्याची लागते हो, इथे कॅल्शियम तिनंच उकरून काढलंय. रक्तात मोकळं कॅल्शियम 1.2 मिलिमोलरच्या (हे द्रवातलं प्रमाण मोजायचं एकक) आसपास असतं, त्या बंद खळग्यात ते 40 पर्यंत मोजलं गेलंय, याला चाहूल कसं म्हणायचं? बाहेर कॅल्शियम खूप वाढलं की पेशीच्या आतलंही वाढतं, सील सैल पडतं, पेशी आक्रसते, कोरणं मंदावतं. साधं 'कळतं' लिहा.

> एक भर. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोनसुद्धा तिला कामाला लावतं, पण थेट नाही, ते हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींशी बोलतं आणि त्या पेशी रँकएल नावाच्या प्रोटीनमार्फत हिला निरोप देतात. यासाठी आपल्याकडे 'सांगावा' आहे की! म्हणजे समोरचं कॅल्शियम तिला स्वतःला कळतं, लांबच्या हार्मोनचा सांगावा येतो. दोन्हींना 'संवेदन' म्हटलं तर हा फरकच पुसला जातो.

सांगावा घेतलाच! मग असं लिहू का: 'खळग्यात कॅल्शियम साचल्याचं कळलं की कोरणारी पेशी हाड सोडते'?

> 'सोडते' नको, कायमची गेली असं वाटतं. ती सरकून दुसरीकडे पुन्हा बसते, 'हाडावरून उठते' लिहा.