बर्फाच्या वादळात अचानक सापडल्यावर हायवेवर गाडी थांबवायची की चालवत राहायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहिते आहे, पण जानेवारीच्या आत मला हे ठरवायचंच आहे.

आम्ही पेनसिल्व्हेनियात ईरीला राहतो. माझं ऑफिस बफेलोच्या अलीकडे, त्यामुळे आठवड्यातून दोनदा आय-९० महामार्गावरून ईरी तळ्याच्या काठाकाठाने जाणं-येणं. गेल्या मंगळवारी दुपारी परत येताना सिल्व्हर क्रीकपर्यंत लख्ख ऊन होतं, रस्ता कोरडा. आणि समोर आभाळापासून जमिनीपर्यंत करडी भिंत उभी. पाऊस असेल असं वाटलं. दोन मिनिटांत आत शिरले आणि बॉनेटच्या पुढचं काही दिसेनासं झालं. बर्फ वरून पडत नव्हता, आडवा येत होता. पुढच्या ट्रकचे लाल दिवे एकदा दिसले आणि पुसून टाकल्यासारखे गेले. वायपरला बर्फाचे गोळे चिकटले, त्यामुळे नेमकी डोळ्यांसमोरची पट्टीच पुसली जाईना. उजवं चाक कडेच्या खाचांवर गेलं की घर्रर्र आवाज यायचा, त्या आवाजाच्या आधाराने मी लेन धरून होते. थांबले तर मागचा अंगावर येईल, चालवत राहिले तर पुढच्यावर आदळेन. हे सगळं फार तर पंधरा मिनिटं चाललं असेल. डंकर्कच्या अलीकडे पुन्हा ऊन! घरी पोचून गाडी बंद केली तरी बराच वेळ दार उघडून उतरायचं बळ नव्हतं.

आणि खरी धडकी भरली ती नंतर. दुसऱ्या दिवशी नवरा गाडीच्या मागे उभा राहिला आणि मला गाडी सुरू करायला सांगितली. पुढचे दिवे लागले, मागचे बंद. दिवसा आपोआप लागतात ते फक्त पुढचे. बटण ‘ऑटो’वर होतं, पण बर्फात सगळं पांढरंशुभ्र असतं, त्यामुळे गाडीला वाटतं भरपूर उजेड आहे. म्हणजे त्या पंधरा मिनिटांत मागच्यांना मी दिसतच नव्हते. तुम्ही आजच आपापल्या गाडीचं बघून घ्या, कृपया.

मी गाडी शिकले नाशिकला. कसारा घाटात धुकं असलं की पुढच्या गाडीच्या दिव्यांमागे हळूहळू जायचं, एवढंच अंगवळणी पडलंय. इथे पुढची गाडी दिसल्यावर ब्रेक लावून काही उपयोग नसतो, चाकं नुसती घसरत जातात.

जानेवारीत आई-बाबा पहिल्यांदा येत आहेत. विमान रात्री आठला बफेलोला उतरतं. तिथून घर जवळजवळ शंभर मैल. बाबा इन्शुलिनवर आहेत. तर पुन्हा असं झालं तर कडेला घेऊन थांबायचं का? आणि गाडी ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) असताना हिवाळी टायर खरंच लागतात का? अनुभव असलेल्यांनी सांगा.

प्रतिसाद:

ताई, सुखरूप आलात हे महत्त्वाचं. बफेलोत २२ वर्षं काढली आहेत, त्यावरून सांगतो.

कडेला थांबणं शक्यतो नकोच. मागून येणारा तुमचे दिवे बघून तीच लेन समजतो आणि थेट येऊन धडकतो. २८ मार्च २०२२ ला तुमच्याच राज्यात, स्कूलकिल काउंटीत (जिल्ह्यात) आय-८१ वर असाच बर्फाचा झोत आला होता. ८० गाड्या एकमेकींवर आदळल्या, ६ माणसं गेली. खरा उपाय भिंतीत शिरण्याआधीच आहे. हवामान खात्याचा ‘स्नो स्क्वॉल वॉर्निंग’ (अशा झोताचा इशारा) फोनवर खणखणला की पहिली एक्झिट घ्यायची आणि पेट्रोल पंपावर अर्धा-पाऊण तास बसायचं. झोत बहुतेक तेवढ्यात निघून जातो. तुमच्या पट्ट्यात एक्झिट दहा-पंधरा मैलांवर एक, म्हणून भिंत दिसल्यावर ‘पुढची बघू’ म्हणू नका. आत सापडलातच तर ब्रेक न दाबता पाय उचलून वेग हळूहळू कमी करा, दिवे हाताने लावा, डिपरवर ठेवा. हाय बीमने नुसता पांढरा पडदा दिसतो. क्रूझ कंट्रोल बंद.

ऑल व्हील ड्राइव्ह गाडी पुढे न्यायला मदत करतं, थांबवायला नाही. ७ अंश सेल्सियसच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होत जातं. हिवाळी टायर घ्याच, आणि चारही. पुढचे दोनच बदलले तर वळणावर मागची बाजू फिरते.

अडकून पडलात तर गाडी सोडून चालत निघू नका. डिसेंबर २०२२ च्या वादळात इथे विमानतळावर सलग ३७ तास हिमवादळाची परिस्थिती होती. काउंटीत ४० हून जास्त माणसं गेली, काही गाडीत, काही रस्त्यावर. इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवा, आणि प्रत्येक वेळी आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बर्फाने बुजलं तर विषारी वायू आत भरतो, त्याला वास नसतो.

प्रतिसाद:

बाबांच्या इन्शुलिनबद्दल: पेन डिकीतल्या बॅगेत अजिबात नको. एकदा गोठलं की वितळल्यावर दिसायला ठीक असलं तरी वापरायचं नाही. कोटाच्या आतल्या खिशात ठेवायला सांगा. सोबत चिक्की, लाडू असं काही हाताशी असू द्या, गाडीत तासन्‌तास अडकलात तर साखर उतरायची भीती जास्त.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. टायरसाठी शनिवारची वेळ घेतली आहे, चारही. गाडीत फावडं, दोन रजया आणि वाळूची पिशवी टाकली आहे. विमानतळाजवळ एका रात्रीचं हॉटेल घेतलं आहे, सकाळी हवा बघूनच निघू. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “अगं, शंभर मैल म्हणजे दीड-दोन तास, कशाला खर्च?” मग त्यांना मंगळवारचं सगळं सांगितलं. आईला आधी काही सांगितलं नव्हतं. ती स्पीकरवर ऐकत होती. थोडा वेळ कोणीच बोललं नाही, मग आई म्हणाली, “दोन रात्रींचं घे.”