मदत हवी आहे: शेजारच्या काकूंच्या प्रसादाचं काय करू?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आठ महिन्यांपूर्वी आम्ही भायखळ्याहून परळच्या चाळीत राहायला आलो. मजल्यावर आमचं एकच ख्रिस्ती घर. इतकी वर्षं माझं सगळं जग म्हणजे मंडळी (आमचं चर्च), उपासना आणि नात्यातली माणसं. बाहेर जिवाभावाचं असं कुणीच नव्हतं, आणि ते मला खुपायचं.

इथे समोरच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात पाण्याची वेळ सांगितली, माझ्या तापात मऊ भात आणून दिला. गणपतीत त्यांनी स्टीलच्या डब्यातून मोदक दिले, "बाप्पाचा प्रसाद" म्हणून. मी हसून घेतले, पण खाल्ले नाहीत. डबा दोन दिवस ओट्यावर तसाच. शेवटी धुऊन परत केला, तोही रिकामा. "आवडले का?" विचारल्यावर मी "हो" म्हणाले. ते खोटं मला अजून टोचतंय. मोदकांपेक्षा तेच जास्त.

बायबलमधल्या १ करिंथकर १० मध्ये प्रेषित पौल म्हणतो, कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं चौकशी न करता खा. पण हे मूर्तीला अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याचा विचार करून खाऊ नका. काकूंनी तर सांगूनच दिलं होतं. पण लोक ज्यांना पापी समजत, त्या जकातदारांच्या पंगतीला येशू बसलाच की!

तुम्ही अशा वेळी नेमकं काय बोलता? शब्दच सांगा. आणि त्या "हो"बद्दल आता काकूंशी बोलू का? नाताळात करंज्या घेऊन जायच्या आहेत, त्याआधी मन मोकळं करावंसं वाटतंय.