मदत हवी आहे: मेथोट्रेक्सेट चालू असताना लग्नात दोन पेग?

रावपुरेकर: वडील ५८ वर्षांचे, संधिवात (आर.ए.). मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ दर रविवारी, फॉलिक ॲसिड ५ मिग्रॅ मंगळवारी, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन २०० मिग्रॅ रोज. फारच दुखलं तर असेक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची एकत्र गोळी. बडोद्यात दारूबंदी, त्यामुळे इथे प्रश्न येत नाही. पण पुढच्या शनिवारी दमणला चुलतभावाचं लग्न आहे. बाबा म्हणतात, रविवारची गोळी सोमवारी घेतो, म्हणजे दोन पेग चालतील. चालतील का?

गोळीपेटी: गोळी एखाद्या वेळी एक दिवस पुढे गेली तर बिघडत नाही, पण त्याने दारूची सोय होत नाही. मेथोट्रेक्सेट रक्तातून दिवसभरात बरंचसं निघून जातं, यकृताच्या पेशींत मात्र आठवडेच्या आठवडे टिकतं. म्हणजे शनिवारी ते तिथे असणारच.

मोजायची ती शुद्ध अल्कोहोल. ६० मिलीचा पेग, ४२.८ टक्के, म्हणजे साधारण २६ मिली. दोन झाले की ५१. (६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर एकटीच ५२ मिली भरते, तेव्हा "फक्त बिअर घेतली" हे सांगू नका.) ब्रिटनमधल्या २०१७च्या एका मोठ्या अभ्यासात मेथोट्रेक्सेटवरच्या आर.ए. रुग्णांमध्ये आठवड्याला १४० मिलीच्या आत यकृताचा धोका वाढलेला दिसला नाही. पण ती आठवड्याची बेरीज आहे, एका रात्रीची परवानगी नव्हे. आणि फॅटी लिव्हर किंवा हिपॅटायटिस बी-सी असेल तर हा आकडा विसरा. शेवटचा एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) किती? बाबा आणखी काय घेतात, काढे धरून?

रावपुरेकर: एसजीपीटी ६२, लॅबची मर्यादा ४०. रक्त सोमवारी दिलं होतं. आणि हो, दशमूलारिष्ट, ३० मिली दोनदा.

दांडियाबाजारकर: अरिष्ट ही आंबवलेली औषधं, अल्कोहोल त्यांच्यात आपसूक तयार होते. बाटलीवर टक्केवारी छापलेली असते. १० टक्के धरली तर रोज ६ मिली, आठवड्याला ४२, म्हणजे दीड मोठ्या पेगाहून जास्त, तेही दारूबंदीच्या गावात! ते आधी थांबवा. गुळवेलीचा काढा असेल तर तोही, गुळवेलीनं यकृत दुखावल्याच्या नोंदी आहेत.

दुखण्याच्या गोळीचं गणित वेगळं. असेक्लोफिनॅक आणि दारू एकत्र आली की जठरातून रक्तस्राव होण्याची भीती, पॅरासिटामॉलचा भार यकृतावर. शिवाय असेक्लोफिनॅकने मूत्रपिंडाचं काम मंदावलं तर मेथोट्रेक्सेट बाहेर पडायला उशीर होतो. ज्या दिवशी दारू, त्या दिवशी ती गोळी नाही, हे निदान पाळा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची काळजी इथे सगळ्यात कमी.

गोळीपेटी: रक्त सोमवारी, म्हणजे गोळीच्या दुसऱ्या दिवशी? मग ६२ वर फार भरवसा ठेवू नका. मेथोट्रेक्सेटनंतर एक-दोन दिवस एसजीपीटी तात्पुरता चढलेला दिसू शकतो. तपासणी पुढच्या डोसच्या जरा आधी करायची. पण "तात्पुरताच असेल" असं धरून पेग ओतायचा नाही. तोवर दारू शून्य.

शुक्रवारी सकाळी एसजीपीटी, एसजीओटी (हीही यकृताचीच), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) करून घ्या. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत मिळतो, दमणला निघण्याआधी संधिवाताच्या डॉक्टरांना पाठवा. एसजीपीटी तेव्हाही वर असेल तर लग्नात सोडा-लिंबू, आणि पुढचा डोस घ्यायचा की नाही तेही त्यांनाच विचारा. लग्नाच्या जेवणानंतर उलट्या, जुलाब किंवा ताप आला तर गोळी घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा. पाणी कमी पडलं की औषध अंगात साचतं. राहिलेली गोळी भरून काढायला दोन कधीच नाहीत. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच काळी, तोंडात फोड किंवा कोरडा खोकला नि दम लागणं, यातलं काही दिसलं तर लग्न सोडून दवाखाना.