वाढ मंदावलेल्या ॲपलचा शेअर आता घ्यावा काय?

प्रश्न (तालुका वरूड, जि. अमरावती):
मी निवृत्त शिक्षक आहे. यंदा संत्र्याच्या बागेचा सौदा बरा झाला, त्यातले दोन लाख रुपये ॲपलच्या शेअरमध्ये घालावेत, असे मुलगा म्हणतो. कंपनीने २००७ मध्येच नावातून ‘कॉम्प्युटर’ हा शब्द काढला असला, तरी माझ्या लेखी ती यंत्रे विकणारीच कंपनी आहे. तिची विक्री २०२२ मध्ये ३९४ अब्ज डॉलर होती, २०२३ मध्ये ३८३, २०२४ मध्ये ३९१ आणि २०२५ मध्ये ४१६ अब्ज झाली, म्हणजे तीन वर्षांत जेमतेम साडेपाच टक्के वाढ. अशा पोक्त कंपनीत पुढची वाढ येणार कुठून?

उत्तर १:
सर, एकूण आकडा फोडून पाहावा. याच तीन वर्षांत ॲप स्टोअर, आयक्लाउड, जाहिराती अशा सेवांचे उत्पन्न ७८ वरून १०९ अब्जांवर गेले. एकूण विक्री २२ अब्जांनी वाढली आणि सेवा ३१ अब्जांनी, म्हणजे यंत्रांची विक्री प्रत्यक्षात घटलीच आहे. मात्र सेवांच्या शंभर डॉलरांमागे थेट खर्च वजा जाता सुमारे ७५ डॉलर उरतात, यंत्रांच्या शंभरामागे ३७ च्या आसपास. धोकाही तिथेच आहे, कारण ॲपलच्या सफारी या ब्राउझरमध्ये आपले सर्च ठेवण्यासाठी गूगलने २०२२ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलर मोजल्याचे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. त्या वर्षीच्या सेवांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा एकाच गिऱ्हाइकाकडून!

उत्तर २:
गुरुजी, नफा तेवढाच राहूनही शेअरमागचा नफा वाढू शकतो. आमच्या सामाईक विहिरीत पाच हिस्से होते. दोन चुलतभावांनी गाव सोडताना आपले हिस्से आम्हा उरलेल्या तिघांना विकले. पाणी तसूभर वाढले नाही, पण माझी ओलिताची पाळी पाचव्या दिवसाऐवजी तिसऱ्या दिवशी येऊ लागली. बायबॅकमध्ये, म्हणजे स्वतःचेच शेअर परत विकत घेऊन, कंपनी हेच करते. शेअरची विभाजने (एका शेअरचे अनेक शेअर करणे) हिशेबात धरली, तर २०१२ मध्ये ॲपलचे सुमारे २,६०० कोटी शेअर होते, ते २०२४ मध्ये १,५०० कोटींवर आले. त्याच वर्षी मे महिन्यात एकदम ११० अब्ज डॉलरांचा बायबॅक जाहीर झाला. अडचण भावाची आहे. २०१३ मध्ये हा शेअर त्यामागच्या वर्षाच्या नफ्याच्या दहा-बारा पटीला मिळत होता, आता तीस पटीच्या वर आहे, त्यामुळे तेवढ्याच नफ्यातून पूर्वीपेक्षा बरेच कमी हिस्से विकत घेता येतात. चुलतभावांनी तिप्पट भाव मागितला असता, तर मीही नवी बोअर मारली असती.

उत्तर ३:
लाभांशावर अमेरिकेतच २५ टक्के कर कापला जातो, आणि एकच शेअर असला तरी आयकर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात त्याची नोंद करावी लागते.

प्रश्नकर्ता:
विहिरीचा हिशेब पटला. तूर्त पन्नास हजारच घालतो, आणि तो तक्ता भरण्याचे काम मुलाकडे देतो.