कॅरॅव्हानच्या मोटर मूव्हरबाबत मदत हवी आहे
गोव्यात मोरजीतील आमच्या अंगणात १,२०० किलो वजनाची, एका अ‍ॅक्सलची कॅरॅव्हान (गाडीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर) ठेवायची असून, तिथवरची चिऱ्यांची वाट दर १० मीटरला साधारण १ मीटर चढते आणि पावसाळ्यात शेवाळाने निसरडी होते. जीपने मागे लोटताना वळण साधत नाही; चौघांनी हाताने ढकलली, तेव्हा चाक चिऱ्यांच्या सांध्यात अडकून गाडी उताराला घसरू लागली, म्हणून तो धोका पुन्हा पत्करायचा नाही. टायरवर रोलर दाबून कॅरॅव्हान हलवणारा, रिमोटवरचा १२ व्होल्टचा मूव्हर बसवायचे नक्की आहे आणि १०० अँपिअर-अवरची बॅटरीही आहे. अशा ओल्या चढावर अ‍ॅल्युमिनियमचा रोलर टायरला पकडून राहतो का, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत रोलर हाताने टायरला भिडवण्याची रचना अधिक टिकते की मोटरने भिडवण्याची?